सीटवर बसून पारखावा असा रेनसूट

मृग नक्षत्र लागायच्या आधी आठवडाभर बाजारातल्या दुकानांच्या दारांवर निळे-काळे रेनकोट टांगलेले दिसू लागतात, आणि बहुतेक दुचाकीस्वार आपला रेनसूट तिथेच, उभ्या उभ्या अंगाला लावून आणि आरशात एकदा पाहून घेतात. जून संपेपर्यंत त्यांतल्या अनेकांची तक्रार एकच असते: वरून कोरडे, पण मांड्यांच्या मध्ये ओले. यात कापडाचा दोष क्वचितच असतो. उभ्याने पारखलेला रेनकोट जेव्हा बसलेल्या, हात पुढे केलेल्या आणि ताशी 50-60 किलोमीटर वेगाने पावसात शिरणाऱ्या माणसाच्या अंगावर चढतो, तेव्हा पाणी कुठून येणार, कुठे साचणार आणि कुठून आत शिरणार याचा सगळा हिशेब बदलतो.

भाताची लावणी करणाऱ्यांनी हा हिशेब फार पूर्वी जमवला होता. मावळात आणि कोकणात कामट्या आणि पाने वापरून केलेले इरले डोक्यावरून पाठीवर उतरते आणि पुढून उघडेच असते, कारण लावणी करणाऱ्याची पाठ आभाळाकडे असते आणि दोन्ही हात चिखलात. तेच इरले घेऊन माणूस ताठ उभा राहिला, की ते अवघड होते. दुचाकीस्वाराची बैठक याच्या उलट आहे. त्याची पाठ तुलनेने कोरडी राहते. छाती, मांड्या, गुडघे आणि मनगटे यांवर मारा होतो. त्यामुळे पुढे सांगितलेली प्रत्येक तपासणी गाडीवर बसण्याच्या बैठकीतच करायची आहे, हे आधीच पक्के करून घ्यावे.

पहिली पायरी: आपला पाऊस आणि आपला रस्ता

पुणे शहरात जून ते सप्टेंबर या काळात 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईत तो 2,000 मिलिमीटरच्या पुढे जातो, तर महाबळेश्वरात 5,000 च्याही वर. तरीही खरेदीच्या वेळी या आकड्यांहून उपयोगी पडणारा प्रश्न वेगळा आहे: आपण सलग किती मिनिटे पावसात गाडी चालवणार आहोत? वीस मिनिटांच्या प्रवासात बाजारातला जवळजवळ कोणताही लेप दिलेला सूट निभावून नेतो, कारण शिवणींतून झिरपणाऱ्या पाण्याला आतल्या कपड्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. अर्ध्या-पाऊण तासानंतर मात्र सुटाची खरी प्रत उघडी पडते.

घाटात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे गारठा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने आपल्याला खंडाळ्याच्या जुन्या रस्त्यानेच जावे लागते, आणि तिथे किंवा ताम्हिणीत, आंबोलीत ढगातून सावकाश गाडी हाकताना भिजलेला माणूस जुलैतही कुडकुडतो. पाणी स्थिर हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यात वाऱ्याची भर पडली की बोटे बधिर होतात आणि क्लच-ब्रेकवरची पकड सैल पडते. म्हणजे लांबच्या प्रवासात कोरडे राहणे हा चैनीचा नसून गाडी नीट चालवता येण्याचा प्रश्न ठरतो.

शहरातल्या रोजच्या आठ-दहा किलोमीटरांसाठी साधारण हजार-दीड हजार रुपयांचा सूट पुरतो, असा माझा अनुभव आहे. रोज हायवेवरून 30-40 किलोमीटर जाणाऱ्याने दोन ते साडेतीन हजारांपर्यंत जाण्याची तयारी ठेवावी, आणि पावसाळ्यात मुद्दाम घाट पालथे घालणाऱ्याने त्याहून वर. चारशे रुपयांचा पातळ प्लास्टिकचा सूट मात्र कोणीही घेऊ नये, कारण तो बहुतेकदा पहिल्याच महिन्यात, गाडीवर टांग टाकताना, मांडीच्या शिवणीत फाटतो आणि मग दुसरा घ्यावाच लागतो.

पोंचोचा, म्हणजे वरून ओढून घ्यायच्या अखंड घेरदार रेनकोटाचा, विचार इथेच बाजूला ठेवावा. त्यात वारा भरतो, तो फुगून वर येतो, मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकतो, आणि त्याचे लोंबते टोक मागच्या चाकात किंवा गाडीच्या चेनमध्ये अडकू शकते. साडीचा पदर आणि ओढणी चाकात जाण्याचा धोका आपण सगळे ओळखतो. पोंचोचा धोका त्याच जातीचा आहे. जॅकेट आणि पँट असा दोन तुकड्यांचा सूटच घ्यावा. दोन्ही जोडलेला अखंड सूट पाणी सर्वांत चांगले अडवतो, पण तो भर रस्त्याच्या कडेला एका पायावर उभे राहून चढवणे ही कसरत आहे, आणि तो घालून लघुशंकेला थांबणे ही त्याहून मोठी.

दुसरी पायरी: कापड

पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे 30 किलोमीटर वेगाने खाली येतो. आपण ताशी 60 ने जात असलो, तर दोन्ही वेग मिळून तो छातीवर ताशी 65 ते 70 किलोमीटरने आदळतो, आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती उभ्या माणसाच्या खांद्यावर पडणाऱ्या थेंबाच्या चौपटीहून अधिक भरते. फुटपाथवर छान चालणारा रेनकोट गाडीवर का गळतो, याचे हे पहिले कारण.

बाजारात मुख्यतः तीन प्रकारची कापडे मिळतात. पहिला प्रकार निव्वळ पीव्हीसीचा, म्हणजे जाड प्लास्टिकचा. दुसरा पॉलिस्टर किंवा नायलॉनच्या विणलेल्या कापडाला आतून पीव्हीसी अथवा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, लेप दिलेला. तिसरा म्हणजे घामाची वाफ बाहेर जाऊ देणारा सूक्ष्म छिद्रांचा पडदा असलेला. रबराचा लेप दिलेले कापड आता दुचाकीसाठी फारसे दिसत नाही. 1920 साली कोलकात्यात सुरू झालेल्या बेंगाल वॉटरप्रूफच्या ‘डकबॅक’ रेनकोटात आपल्याकडच्या दोन पिढ्या शाळेत गेल्या, आणि त्या रबराचा वास ज्याच्या नाकात आहे त्याला तो पाऊस पडायच्या आधीच आठवतो. तो रेनकोट पाणी चोख अडवत असे, पण जड असे आणि आत घामाच्या धारा लागत.

घामाचा हा प्रश्न पाहून पुष्कळजण तिसऱ्या, महागड्या प्रकाराकडे वळतात. त्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. अशा पडद्यातून वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या फरकामुळे. बाहेर हवा थंड आणि तुलनेने कोरडी असेल तर हा फरक मोठा असतो. जुलैत ठाण्याला किंवा रत्नागिरीला बाहेरचीच हवा बाष्पाने गच्च भरलेली असते, त्यामुळे वाफेला बाहेर पडण्याची घाई नसते. शिवाय कापडाचा बाहेरचा थर भिजून ओला झाला की वाट आणखी अरुंद होते. या कापडाचा फायदा महाबळेश्वरच्या थंडीत किंवा हिमालयाच्या सहलीत जास्त जाणवतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत रोज वापरायच्या सुटासाठी मी त्यावर जास्तीचे पैसे घालणार नाही. त्याऐवजी चांगला लेप दिलेले कापड आणि पाठीवर झाकणाखाली जाळी असलेले जॅकेट घेईन.

चांगल्या सुटाच्या चिठ्ठीवर मिलिमीटरमध्ये एक आकडा छापलेला असतो: 2,000, 5,000, 10,000. कापडाच्या चकतीवर पाण्याचा दाब वाढवत नेला, आणि तीन ठिकाणी पाणी पाझरू लागले, की त्या दाबाइतक्या पाण्याच्या स्तंभाची उंची म्हणजे तो आकडा. याचा अर्थ लावायचा असेल तर पुन्हा सीटवर यावे लागते. 70 किलो वजनाचा माणूस साधारण 30 बाय 33 सेंटीमीटर जागेवर टेकून बसला आणि वजन तिथे सारखे वाटले गेले असे धरले, तरी पँटच्या कापडावर 700 मिलिमीटर स्तंभाएवढा दाब सतत पडतो. प्रत्यक्षात वजन सारखे वाटले जात नाही. बैठकीच्या हाडांखाली ते एकवटते, आणि खड्ड्यातून गाडी आदळली की दाब क्षणभर कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून जॅकेटपेक्षा पँटचा आकडा महत्त्वाचा आहे, आणि तो 5,000 च्या खाली नसावा. विक्रेते जॅकेटचा आकडा मोठ्याने सांगतात आणि पँटविषयी मौन बाळगतात, तेव्हा मुद्दाम विचारावे.

चिठ्ठीच नसेल तर तोंडाने परीक्षा घेता येते. कापड ओठांशी घट्ट धरून जोरात फुंकावे. हवा सहज पलीकडे गेली, तर लेप नाही किंवा विरळ आहे, आणि ते कापड फक्त भुरभुर पाऊस अडवील. त्यानंतर कापड मुठीत चुरगाळून सोडावे आणि आतला लेप उजेडात पाहावा. पांढऱ्या रेघा किंवा बारीक तडे दिसले, तर माल जुना आहे, कदाचित मागच्या मोसमातला.

तिसरी पायरी: शिवण

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण चांगल्या कापडाचे वाईट सूट इथेच तयार होतात. शिलाई मशीनचा प्रत्येक टाका म्हणजे कापडाला पडलेले एक भोक. इंचाला आठ टाके धरले, तर एक मीटर शिवणीत 300 हून अधिक भोके होतात. ती बुजवण्यासाठी आतून शिवणीवर उष्णतेने एक पट्टी चिकटवतात. तिला सगळे सीलिंग टेप म्हणतात.

सूट उलटा करावा आणि बोट शिवणीवरून फिरवत न्यावे. टेप प्रत्येक शिवणीवर आहे ना, हे पाहावे. काही उत्पादक खांदे आणि बाह्यांना टेप लावतात आणि खिशांच्या तसेच चेनच्या शिवणी तशाच सोडतात. टेपची कड नखाने उचलून पाहावी. नवीन मालाची कडच सुटत असेल, तर दोन धुण्यांत ती पट्टी गांडुळासारखी लोंबू लागेल. मग पँट घेऊन मांड्यांच्या मधला तो चौक शोधावा, जिथे पुढच्या, मागच्या आणि दोन्ही पायांच्या शिवणी येऊन मिळतात. तिथे कापडाचे चार-पाच पदर एकमेकांवर चढतात, त्यामुळे टेप सपाट बसत नाही आणि मध्ये बारीक पोकळी राहते. गाडीवर बसल्यावर नेमके याच चौकावर वजन येते आणि नेमके इथेच, टाकी आणि मांड्या यांच्या बेचक्यात, तळे साचते. सिग्नलला थांबून पाय टेकले, की त्या तळ्यातले पाणी बदकन बुटावर पडते, हे प्रत्येक पावसाळी चालकाने अनुभवलेले असते. चांगल्या पँटमध्ये या जागी शिवणींचा चौक टाळून कापडाची एक अखंड पाचर लावलेली असते, म्हणजे शिवणी बाजूला सरकतात. अशी पँट मिळाली, तर बाकी दोन-चार उणिवा मी खुशाल माफ करीन.

दुकानात जरा अंधारा कोपरा असेल तर मोबाइलचा दिवा सुटाच्या आत घालून शिवणीवरून फिरवावा. गडद रंगाच्या कापडात टेप चुकलेली जागा ताऱ्यासारखी लुकलुकते. दुकानदार विचित्र नजरेने पाहतात, पाहू द्यावे.

चौथी पायरी: बसून पाहणे

सूट ज्या कपड्यांवर घालायचा आहे तेच कपडे घालून दुकानात जावे. अंगात जाड जॅकेट घालून गाडी चालवत असलो, तर ते बरोबर न्यावे. सुटाचा आकार नेहमीच्या शर्टापेक्षा किमान एक नंबर मोठा लागतो, पण फार मोठाही नको, कारण सैल कापड वेगात फडफडते, कानाशी आवाज करते आणि त्या फडफडीनेच शिवणी लवकर उसवतात.

सूट घालून दुकानाबाहेर लावलेल्या आपल्या गाडीवर बसण्याची परवानगी मागावी. नाही मिळाली तर खुर्ची उलटी फिरवून, पाठीवर छाती टेकवून, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. दोन्ही हात हँडलच्या उंचीवर पुढे करावेत. आता पाहावे: बाही मनगटाच्या हाडावरून मागे सरकली का? सरकली असेल, तर पाऊस थेट बाहीत शिरेल. पाठीमागे जॅकेट वर चढून पँटची कंबर उघडी पडली का? दोहोंचा एकमेकांवर किमान वीतभर चढाव हवा. गुडघे वाकवल्यावर पँटचा तळ किती वर आला? तो सहज चार-पाच इंच वर येतो, म्हणून उभे असताना पँट टाचेखाली लोळते आहे असे वाटले, तरच ती बसल्यावर बुटाला झाकते. मग मान डावीकडे-उजवीकडे वळवून मागे पाहावे. कॉलर हेल्मेटला अडत असेल, तर रोज लेन बदलताना ती अडचण होईल. शेवटी उठून पुन्हा टांग टाकावी. मांडीत जराशी ओढ बसली, तरी तो आकार सोडून द्यावा.

माझ्या एका सुटाची पँट याच परीक्षेत नापास झाली असती, पण घाईत मी ती परीक्षाच घेतली नव्हती. ती इंचभर आखूड होती. दुसऱ्या आठवड्यात उजवा पाय ब्रेकवर असताना तिचा तळ वर चढला, बाहेर फाकला आणि सायलेन्सरला टेकला. वास आला तेव्हा कापडाचा हातभर तुकडा सायलेन्सरवर वितळून चिकटला होता. तो काळा डाग सायलेन्सरवर पुढे वर्षभर होता. तेव्हापासून पँटच्या तळाला वेल्क्रोची किंवा बटणाची पट्टी असल्याशिवाय मी पँट घेत नाही, आणि उजव्या पायाला ती दोन बोटे जास्त आवळतो.

पाचवी पायरी: गळा, चेन, मनगट

हेल्मेटवर पडलेले पाणी हनुवटीखालून ओघळून गळ्याशी येते, आणि तिथे कॉलर नुसती चेनने बंद होत असेल, तर छातीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखा ओला डाग पडतो. कॉलर उंच, आतून मऊ आणि वेल्क्रोने आवळता येण्याजोगी हवी. समोरच्या चेनवर दोन झाकणे असावीत आणि त्यांतले आतले झाकण उलटे दुमडलेले, म्हणजे पन्हळीसारखे असावे. चेनमधून आलेले पाणी मग त्या पन्हळीतून खाली वाहून जाते. छतावरची कौले जशी एकमेकांवर चढलेली असतात, तसाच हा प्रकार आहे. चेन प्लास्टिकच्या जाड दात्यांची असावी, कारण धातूची चेन दुसऱ्या पावसाळ्यात गंजून अडकते.

जॅकेटला टोपी असेल, तर ती काढता किंवा कॉलरमध्ये गुंडाळता आली पाहिजे. हेल्मेटच्या आत टोपी घातली, की हेल्मेट डोक्यावर जसे घट्ट बसायला हवे तसे बसत नाही, आणि बाहेर सोडली, तर ती पाण्याने भरून पिशवीसारखी मागे खेचत राहते. बाहेरच्या खिशांवर विश्वास ठेवू नये; त्यात सुटे पैसे ठेवावेत, मोबाइल नाही.

हातमोजे बाहीच्या आत असावेत की बाहेर, यावर जुने वाद आहेत. बाही मोज्याच्या आत खोचली, तर हातावरून ओघळणारे पाणी मोज्यात उतरते आणि बोटांशी साचते. म्हणून साध्या, आखूड मोज्यांवर बाही ओढून वेल्क्रो आवळावी. कोपरापर्यंत येणारे लांब मोजे असतील, तर तेही बाहीच्या आतच घ्यावेत. चामड्याचे मोजे पावसात वापरू नयेत. ते पाणी पितात, त्यांचा रंग बोटांवर उतरतो आणि वाळल्यावर ते पापडासारखे कडक होतात. स्वस्तातला उपाय म्हणजे दवाखान्यात वापरतात ते नायट्राइलचे पातळ मोजे आत आणि नेहमीचे मोजे वर: बोटे ओली दिसली, तरी गारठत नाहीत.

पाय, डोके, रंग

पायांसाठी घोट्याच्या वर जाणारे आणि तळाला खोल नक्षी असलेले गमबूट उत्तम, मात्र ते गिअरच्या दांड्याखाली सहज सरकतात ना, हे गाडीवर बसूनच पाहावे. पँट नेहमी बुटाच्या बाहेर असावी. आत खोचली, तर बूट म्हणजे पाण्याची बादली होते. बुटावर चढवायची प्लास्टिकची कव्हरे घेताना तळवा उलटून पाहावा. गुळगुळीत तळाचे कव्हर सिग्नलवरच्या तेलकट पट्ट्यावर पाय टेकताच घसरते, आणि अडीच मण गाडी त्या एका पायावर असते. पुण्या-मुंबईत फ्लोटर घालून गाडी चालवणारे बरेच आहेत, त्यात पाणी साचत नाही हे खरे. पण पडल्यावर बोटांना काहीच संरक्षण नसते, एवढे लक्षात घेऊन ज्याने त्याने ठरवावे.

हेल्मेट आयएस 4151 च्या आयएसआय खुणेचे असावे आणि पावसाळ्यात त्याची काच स्वच्छ, बिनरंगी असावी. रंगीत काच ढगाळ संध्याकाळी खड्डे गिळून टाकते. काचेवर आतून धुके धरते, त्यावर आतल्या बाजूला बसवायची दुसरी पातळ काच मिळते आणि ती पैसे वसूल करते. तात्पुरता उपाय म्हणून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आतून लावून कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून टाकावा. काचेवर मुळातच धुकेविरोधी लेप असेल, तर हा प्रयोग करू नये.

काळा सूट चिखल लपवतो म्हणून तो खपतो. पण मुसळधार पावसात, ट्रकच्या चाकांतून उडणाऱ्या पाण्याच्या भिंतीमागे काळ्या सुटातला माणूस जवळजवळ दिसेनासा होतो. झगमगीत पिवळा किंवा केशरी रंग घ्यावा, आणि तो आवडत नसेल, तर निदान पाठीवर, बाह्यांवर आणि पोटरीवर प्रकाश परत फेकणाऱ्या रुंद पट्ट्या असाव्यात. पाठीवर सॅक घेत असाल, तर पाठीवरची पट्टी तिच्याखाली झाकली जाते. सॅकचे कव्हरही म्हणून झगमगीत रंगाचेच घ्यावे.

सहावी पायरी: घरच्या न्हाणीघरातली परीक्षा

दुकानातली कोरडी तपासणी पूर्ण झाल्यावर, आणि माल परत करण्याची मुदत संपायच्या आत, एक ओली तपासणी करावी. एकदा ओला झालेला सूट दुकानदार परत घेईलच असे नाही, त्यामुळे त्याला आधीच विचारून ठेवावे. अंगात राखाडी रंगाचा सुती टीशर्ट आणि तशीच राखाडी पँट घालावी, कारण या रंगावर ओला डाग लगेच गडद दिसतो. वर सूट चढवावा. न्हाणीघरात प्लास्टिकचे स्टूल ठेवून त्यावर पाय फाकवून बसावे, हात हँडल धरल्यासारखे पुढे करावेत आणि शॉवर छातीवर व मांड्यांवर येईल असा दहा मिनिटे सोडावा. शेवटची दोन मिनिटे मगभर पाणी मांडीच्या बेचक्यात ओतून तसेच साचू द्यावे. घरातली मंडळी हसतात, पण हायवेवर कळण्यापेक्षा इथे कळलेले बरे.

सूट उतरवल्यावर ओल कुठे आहे ते पाहावे. घामाची ओल पसरट असते. पाठ, काखा आणि कंबर सगळीकडे थोडी थोडी. गळतीची ओल रेघेत किंवा ठिपक्यात असते: शिवणीच्या बरोबर खाली, गळ्याशी, बेचक्यात. रोजच्या वापरातही हाच नियम लावावा, कारण पुष्कळजण घामाने भिजलेल्या चांगल्या सुटाला दोष देतात आणि उसवलेल्या टेपकडे लक्षच देत नाहीत.

संरक्षक जॅकेट वापरणाऱ्यांसाठी

कोपर-खांद्यांना कडक पॅड असलेले जॅकेट घालणाऱ्यांपुढे दोन पर्याय असतात: जॅकेटच्या आत लावायचे पाणीरोधक अस्तर, किंवा वरून घालायचा रेनसूट. अस्तराने माणूस कोरडा राहतो, पण बाहेरचे जॅकेट पाणी पिऊन जड होते, वाऱ्याने थंड पडते आणि आपल्या पावसाळी हवेत तीन-तीन दिवस वाळत नाही. शिवाय बाहेरच्या खिशातले पाकीट ओले होते. म्हणून जाळीचे जॅकेट आणि त्यावर सैलसर रेनसूट, ही जोडी महाराष्ट्राच्या पावसाळ्याला जास्त मानवते. ऊन पडले, की वरचा सूट काढून डिकीत टाकता येतो.

मागे बसणाऱ्या व्यक्तीला स्वतंत्र सूट हवा. पुढच्याच्या आडोशाला ती कोरडी राहते हा गैरसमज आहे. मागच्या चाकाचे पाणी तिच्याच पाठीवर उडते. साडी किंवा लांब ड्रेस घालणाऱ्या स्त्रियांसाठी घोट्यापर्यंतचे लांब रेनकोट मिळतात. ते घेताना समोरची चेन पायाशी खालून वरही उघडते का, हे पाहावे, म्हणजे स्कूटरवर पाय ठेवताना कापड ताणले जात नाही, आणि बसल्यावर मागचा घेर सीटखाली दाबून घ्यावा.

चढवणे, वाळवणे, ठेवणे

पाऊस सुरू झाल्यावर उड्डाणपुलाखाली, भर लेनमध्ये दुचाकी लावून सूट चढवणारी गर्दी आपण दरवर्षी पाहतो. मागून येणाऱ्या ट्रकला अचानक तिथे रस्ता अरुंद झालेला दिसतो. आभाळ भरून आले, मातीचा वास आला, की पेट्रोल पंपावर किंवा टपरीपाशी थांबून आधीच सूट घालावा. आधी पँट, मग बूट-कव्हर, शेवटी जॅकेट. पँटच्या पायाला गुडघ्यापर्यंत चेन असली, तर बूट काढावे लागत नाहीत. ओला बूट अडत असेल, तर त्यावर एक जाड पिशवी चढवून पाय घालावा, सरकन जातो. अशी एक पिशवी सुटाच्या घडीतच ठेवून द्यावी.

घरी आल्यावर सूट झटकून सावलीत, हँगरवर, आतली बाजू बाहेर करून टांगावा. ओला सूट डिकीत किंवा त्याच्या पिशवीत रात्रभर राहिला, की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो आणि आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात. चिखल साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने काढावा. वॉशिंग मशीन, ब्लीच आणि इस्त्री यांनी लेप आणि टेप दोन्ही जातात. टेप एखाद्या ठिकाणी सुटली असेल, तर ती जागा पूर्ण वाळवून शिवण बुजवायचा डिंक ब्रशने लावावा आणि एक रात्र हात लावू नये. मात्र आतला लेप पापुद्र्यांसारखा सुटू लागला असेल, तर त्यावर इलाज नाही. तो सूट आता गाडी धुताना घालावा.

मुंबईतून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. त्यानंतरच्या उन्हाळी दिवसांत सूट दोन दिवस सावलीत वाळवावा, चेनच्या दात्यांवरून मेणबत्ती फिरवावी, वेल्क्रोत अडकलेले दोरे आणि केस टाचणीने काढावेत, आणि तो घट्ट घडी न घालता कपाटात सैल टांगून ठेवावा, कारण लेपाला पहिला तडा जातो तो घडीच्या रेषेवरच. मे महिन्याच्या शेवटी तोच राखाडी टीशर्ट आणि तेच स्टूल पुन्हा काढायचे आहे.